चौदाव्या मजल्यावरचा घास

गुडगावच्या त्या नव्या टॉवरमध्ये माणसांच्या आधी कबुतरं राहायला आली होती. बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत तळं होतं, झाडं होती, गोरीगोमटी मुलं सायकली चालवत होती. प्रत्यक्षात खाली वाळूचे ढीग होते, दिवसभर जनरेटरची घरघर होती आणि चौदाव्या मजल्यावर एकच राहतं घर होतं, सुनीती आणि विश्वासरावांचं. बाकीच्या दारांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून कुणी फाडलं नव्हतं. विश्वासराव मंत्रालयातून निवृत्त झाले, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, आणि 'आता जरा मॉडर्न राहून बघू' म्हणत त्यांनी बायकोला इतक्या उंचावर आणून ठेवलं. सुनीतीला घर आवडलं नव्हतं. पण पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईला एवढं कळत होतं, की झाल्या गोष्टीवर डोकं आपटून भिंतीला काही होत नाही.

घराला वर्ष होतंय न होतंय तोच तिच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली.

सर्जन तोंडदेखलं बोलणाऱ्यातला नव्हता. गाठ काढता येईल, पण या अंगानं नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. वजन उतरलेलं, रक्त कमी, छातीत दम नाही. महिन्याभरात ताकद कमवा, दिवाळीच्या आत ऑपरेशन करू. नाही कमावली तर पुढे ढकलावं लागेल, आणि गाठ काही आपल्यासाठी खोळंबून राहायची नाही. म्हणजे काम सोपं होतं. खायचं, चालायचं, श्वास घ्यायचा. जे तान्ह्या पोरालाही कुणी शिकवत नाही, ते सुनीतीला आता साठीच्या उंबरठ्यावर नव्यानं शिकायचं होतं.

शिकवायला तेजश्री होती. अकोल्याची पोरगी, हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट. आहारतज्ज्ञ बाईंचा इंग्रजी तक्ताही तीच मराठीत फोडून सांगायची. कॉरिडॉरमध्ये लिफ्टपासून टोकाच्या खिडकीपर्यंत फेऱ्या मारायच्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. आणि एक प्लास्टिकचं यंत्र होतं, तीन कप्पे, प्रत्येकात एक निळा चेंडू, बाजूला नळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर उचलले जातात. चांगल्या छातीच्या माणसाचे तिन्ही उठतात. सुनीतीचा एक उठायचा आणि ठक् करून पडायचा.

"काकू, लग्नघरात कशी आधीपासून तयारी करतो ना, तसं समजा," तेजश्री म्हणाली. "ऐन मुहूर्तावर धावपळ करून काही होत नाही. आणि खाणं बिल्कुल चुकवायचं नाही. पनीर, डाळ, दही, ती दुधातली पावडर. अंडं चालतं का?"

"औषध म्हणून चालेल," विश्वासराव घाईनं म्हणाले. सुनीतीच्या तोंडाला तिथंच पाणी सुटलं, पण ते मळमळीचं पाणी.

घरी येताना टॅक्सीत तिला माई आठवल्या. माई म्हणजे द्वारकाबाई, विश्वासरावांची आई. त्यांनाही कॅन्सरच झाला होता, अन्ननलिकेचा, पार मागच्या जमान्यात. तेव्हा असलं काही नव्हतं. सगळे शहाणे एकमुखानं सांगत, हलवू नका, पडून राहू द्या, पेज पाजा. पडून पडून माईंच्या हातापायांच्या काटक्या झाल्या, आणि मग डॉक्टर म्हणाले, आता हे शरीर ऑपरेशन सोसणार नाही. घशाखाली काही उतरत नव्हतं, पण भूक जशीच्या तशी होती. स्वयंपाकघरात फोडणी पडली की मागच्या खोलीत माई मान वळवायच्या. सुनीती दार लोटून, भिंतीकडे तोंड करून जेवायची. शेवटी आवाजही गेला. डोळे तेवढे मागत राहिले.

त्या दोघींचं फार जमायचं. दिल्लीत नवखी आलेली सून आणि हिंदीचा एक शब्द न येणारी सासू, दोघी मिळून भाजीवाल्याशी भांडायला शिकलेल्या. सुनीतीला स्वयंपाक माईंनी लावला, आणि स्वयंपाकाबरोबर एक नेमही लावला. रोज जेवणाआधी कावळ्याचा घास काढायचा. "आधी घास, मग आपण," माई म्हणायच्या. आर. के. पुरमला मागच्या अंगणाच्या भिंतीवर कावळे ठरल्या वेळी हजर असत, सरकारी नोकरांपेक्षा वक्तशीर.

इथं कावळा नव्हता. सुनीती तरी स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत, कठड्यावर रोज घास ठेवायची. कबुतरं घाण करायची, घास वाळून जायचा. "अगं, कावळ्यांना अजून लिफ्टचा पास मिळाला नाही," विश्वासराव म्हणायचे. बाल्कनीसमोर एक अरुंद पोकळी होती, पाइप जायची, आणि तिच्या पलीकडे शेजारच्या बंद घराची तशीच बाल्कनी. इतकी जवळ की हात लांबवला तर पलीकडचा कठडा लागावा. तिथं धूळ होती आणि एक रिकामं रंगाचं डबडं.

पितृपक्ष लागला. माई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पान नवमीला. सासरे नंतर गेले तरी सुनीतीनं ती नवमी सोडली नव्हती. अंगात त्राण नसताना तिनं खीर केली, वडे केले, वरणभातावर तूप वाढलं, आणि केळीच्या पानाचा तुकडा कठड्यावर नेऊन ठेवला. मग दोघं वाट बघत बसले. ऊन पश्चिमेकडे कललं. खाली घारी फिरत होत्या, पण कावळा म्हणून कुठं दिसेना.

"माझ्याच पोटात कावळे कोकलायला लागलेत, त्यांतला एखादा पाठवू का?" विश्वासराव म्हणाले.

सुनीतीला हसू आलं नाही. अन्न निवत होतं, भातावर साय धरल्यासारखं तूप थिजलं होतं, आणि तिला माईंचे ते मागणारे डोळे दिसत होते. या वर्षी पान कावळा शिवल्यावाचून राहिलं तर पुढच्या नवमीला वाढायला आपण असू की नाही, हेही मनात आलंच. ती कठड्याला टेकली आणि घरातल्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली, "माई, कावळ्याची वाट नका बघू. तुम्हीच या, आपल्या हातानं घ्या."

एवढंच. आत जाऊन पाण्याचं भांडं घेऊन ती परत आली तेव्हा पान स्वच्छ होतं. शीतसुद्धा उरलं नव्हतं. आणि पानाच्या उजव्या कडेला, वरणातली कढीलिंबाची पानं एकाखाली एक ओळीनं लावून ठेवली होती.

माई तशीच लावायच्या. बाकी कुणी लावत नाही.

सुनीतीला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. इतका की तिनं विश्वासरावांना "आला हो कावळा, बसा पानावर," असं तोंडभरून सांगितलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा दोन घास चवीनं खाल्ले. जी बाई भुकेनं तडफडून गेली, ती आज आपल्या हातचं जेवली. याहून मोठं श्राद्ध कुठलं?

पितृपक्ष संपला. येणारी थांबली नाही.

रोजचा घास रोज उचलला जाऊ लागला. मग घासाची मूद झाली, मुदेची वाटी झाली. त्यात सुनीतीची सोयही होती, हे नाकारता येत नाही. तेजश्रीचं पनीर घशात फिरायचं. दुधातली पावडर खडूसारखी लागायची, आणि खडू तिनं जन्मभर हातात धरला होता, तोंडात नव्हता. उकडलेलं अंडं तर नुसतं बघूनच पोटात ढवळायचं. टाकून द्यावं तर अन्नाचा माज. मग वाटीत घालून कठड्यावर ठेवलं की झालं. माई शुद्ध शाकाहारी, पण अंडंसुद्धा गेलं. वाटी परत यायची ती पालथी घातलेली, पुसलेली. विश्वासराव रिकामी ताटं बघून खूश होते. "बघ, तोंडाला चव आली ना!" असं म्हणून त्यांनी पनीर दुप्पट आणायला सुरुवात केली.

एका दुपारी सुनीती खुर्चीत बसून चेंडू उचलत होती. एक उठला, पडला. ठक्. ती दम घ्यायला थांबली. तेवढ्यात पलीकडच्या बंद घरातून आवाज आला. ठक्. आणि लगेच दुसरा, ठक्.

तिनं यंत्राकडे पाहिलं. चेंडू तळाशी निमूट होते.

दुसऱ्या दिवशी ती कॉरिडॉरमध्ये फेरी मारत होती. भिंतीच्या आत, तिच्या बरोबरीनं, पावलं वाजत होती. आधी फरफटणारी, सपाता ओढत चालणारी. ती थांबली की पावलंही थांबत. त्या दिवसानंतर ती रोज वाजू लागली, आणि रोज थोडी घट्ट. अर्धं नवरात्र होईस्तोवर पलीकडची पावलं तिच्या पुढे जायला लागली. सुनीती खिडकीपर्यंत पोचायच्या आत ती पोचून वळलेली असत. आणि सुनीतीला काय वाटावं? तिला वाटलं, माई चालताहेत! ज्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची, त्या आपल्या पायांनी चालताहेत!

मग त्या दिसल्या.

दुपारची उतरती उन्हं पोकळीत तिरपी पडली होती. सुनीती वाटी ठेवायला गेली आणि पलीकडच्या कठड्यावर दोन हात टेकलेले होते. माईच होत्या, त्यांच्या नेहमीच्या विटकरी पातळात. पण मागच्या खोलीतल्या माई नव्हेत. गाल भरलेले होते, दंडाला मांस होतं, बांगड्या मनगटात रुतत होत्या. हातांना मात्र पोकळीतल्या पाण्याच्या पाइपांसारखी ओल होती, आणि कठड्यावर जिथं ते टेकले होते तिथं धुळीत ठसे उमटत नव्हते.

"सुनीती," त्या म्हणाल्या. आवाज परत आला होता. "वरणाला हिंग कमी पडतोय गं हल्ली. पण छान झालं होतं."

"माई," सुनीतीच्या डोळ्यांना धार लागली. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"खूप बरं वाटतंय. अजून आहे का?"

सुनीतीनं स्वतःसाठी ठेवलेलं दही आणून दिलं. माईंनी वाटी घेतली तेव्हा बोटाला बोट लागलं. त्या रात्री सुनीतीला दोन दुलया घेऊनही थंडी वाजत राहिली.

दसऱ्याच्या सुमारास तपासणी होती. तेजश्रीनं तिला वजनकाट्यावर उभं केलं, उतरवलं, पुन्हा उभं केलं. मुठीत दाबायचं यंत्र दिलं, काटा जेमतेम हलला. चेंडूंचं यंत्र तोंडाला लावलं. सुनीतीनं जीव खाऊन श्वास ओढला. एकही चेंडू उठला नाही.

"काका, काकू जेवत नाहीत का?"

"जेवते की! ताटात कण ठेवत नाही. पनीर तर मी रोज आणतो," विश्वासराव गोंधळून म्हणाले.

तेजश्रीनं सुनीतीकडे बघितलं. पोरगी गोड होती, पण त्या क्षणी तिला राग आवरत नव्हता. "काकू, मला खरं सांगा. हे सगळं कोण खातंय?"

सर्जननं कागद बघितले आणि तारीख पुढे नेली. दोन आठवडे देतो, म्हणाला, याहून जास्त देता येणार नाहीत. त्यानंतर मी हात लावू शकेन असं मला वाटत नाही. हे शरीर ऑपरेशन सोसणार नाही.

हेच वाक्य. सुनीतीनं ते आधी एकदा ऐकलं होतं, दुसऱ्या कुणाबद्दल.

टॉवरच्या लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंना आरसे होते, बिल्डरची हौस. एरवी ती मान खाली घालून उभी राहायची. त्या दिवशी तिनं मान वर केली. समोर गळ्याची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले, हाताच्या काटक्या झालेली बाई उभी होती. मागच्या खोलीतली बाई. आणि पलीकडच्या कठड्यावरचे ते भरलेले दंड कुणाचे होते, हेही तिला त्याच क्षणी कळलं. लग्नात घेतलेल्या बांगड्या तिच्याच मनगटात अशा रुतायच्या.

कावळा मध्ये का असतो, ते तिला चौदाव्या मजल्यावर जाईस्तोवर उमगलं. गेलेल्या माणसाला घास पोचवायचा तो कावळ्याच्या चोचीनं. चिमूटभर, मधलं अंतर राखून. आपण त्या मधल्याला काढून टाकलं आणि थेट हाक मारली. माई वाईट नव्हत्या. भुकेल्या माणसाला वाईट म्हणता येत नाही. पण भुकेल्या माणसाला पुरे कधी म्हणायचं हेही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बाल्कनीचं दार लावलं, टेबलाशी बसली आणि विश्वासरावांना म्हणाली, "तुम्ही माझ्यासमोर बसा. मी सगळं संपवेपर्यंत उठायचं नाही."

"चलो, आज काय शाळा भरलीय वाटतं," ते बसत म्हणाले.

दाराच्या काचेमागे कठड्यावर वाटी वाजली. रिकामी वाटी दगडावर आपटली की वाजते तशी. सुनीतीनं पनीरचा तुकडा तोंडात घातला.

"सुनीती," बाहेरून आवाज आला. "आज विसरलीस का गं?"

विश्वासरावांना तो ऐकू येत नव्हता. ते पेपर उघडून बसले होते. सुनीतीनं तुकडा चावला, गिळला.

"थोडं वरण दिलंस तरी चालेल."

तिनं डाळीची वाटी तोंडाला लावली. डोळ्यांतलं पाणी डाळीत पडलं. विश्वासरावांनी पेपर खाली केला, बायकोचं तोंड बघितलं, आणि त्यांना वाटलं की बिचारीला नेम मोडल्याचं वाईट वाटतंय. चाळीस वर्षं जिनं घास काढल्यावाचून अन्नाला हात लावला नाही, ती आज तशीच बसली होती. त्यांनी तिच्या ताटातलं अंडं आणि भात एका वाटीत घेतला, दार उघडलं आणि वाटी कठड्यावर ठेवली. "हं, आता जेव निवांत. आई म्हणायची ना, आधी घास."

पलीकडून दोन हात पुढे आले.

सुनीती उठली. खुर्चीला हात न टेकता उठली, हे तिच्या नंतर लक्षात आलं. धावत जाऊन तिनं त्या बोटांखालची वाटी ओढून घेतली. माईंनी तिच्याकडे पाहिलं. तेच डोळे. मागच्या खोलीतले, फोडणीच्या वासाकडे वळलेले. तिला त्या क्षणी ती वाटी परत द्यावीशी वाटली, आणि वाटीबरोबर आपणही जावं असं वाटलं.

"माई, तुम्हाला तेव्हा कुणी चालवलं नाही, खाऊ घातलं नाही. त्याचं मला जन्मभर वाईट वाटेल," ती म्हणाली. "पण हा घास माझा आहे."

आणि तिथंच उभं राहून, काढलेला घास तिनं स्वतः खाल्ला. अंडं, भात, सगळं. कावळ्याचं पान माणसानं खावं याहून मोठं पाप माईंनीच तिला कधी सांगितलं नव्हतं. माई बघत होत्या. शेवटचा घास उतरेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

"अगं, ए!" विश्वासराव हबकून म्हणाले. "कुणाशी बोलतेस?"

"माईंशी," ती म्हणाली. "आता रोज मला इतकं वाढा. आणि या दाराला कुलूप घाला."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आजारी बायकोला जास्त विचारू नये, एवढं शहाणपण फायलींमध्ये जन्म काढूनही त्यांच्यात शिल्लक होतं. ते बाजारातून पितळी कुलूप घेऊन आले.

ते दोन आठवडे सुनीती खात होती, चालत होती, श्वास ओढत होती. बाहेर वाटी वाजायची. मग वाजेनाशी झाली, नुसती खरवडल्यासारखी व्हायची. भिंतीतली पावलं आधी मागे पडली, मग सपाता फरफटायला लागल्या. ज्या दिवशी सुनीतीचे दोन चेंडू एकदम उठले, त्या दिवशी पलीकडे एकच ठक् झालं, अर्धवट. सुनीतीनं नळी खाली ठेवली आणि पदर तोंडात कोंबून रडली. रडून झाल्यावर दुधाचा पेला संपवला, कारण तो संपवायचा होता.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. दुसऱ्याच सकाळी तेजश्री वॉर्डात हजर, आणि टाके ओले असताना म्हणते, "उठा काकू." पोटावर उशी गच्च धरून खोकायला तिनं शिकवलं, हाताला धरून पलंगापासून दारापर्यंत नेलं. "आधी ताकद केली होती ना, म्हणून पाय उभे राहताहेत," ती म्हणाली. सुनीतीला चालताना सारखं भिंतीकडे कान लावावेसे वाटत होते. भिंत मुकी होती. हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर पिंपळावर कावळे होते, भरपूर, आणि ते बघून तिला बरं वाटलं.

घरी परतल्यावरही तिनं मागची बाल्कनी उघडली नाही. थोडं थोडं पण दिवसातून अनेकदा जेवायचं, फेऱ्या मारायच्या, हळूहळू अंग भरत गेलं. पलीकडून आवाज नव्हता. संक्रांत झाली. तिला वाटलं, सुटल्या माई. कुठल्या का वाटेनं होईना, गेल्या.

थंडी सरता सरता पलीकडच्या दाराचं प्लास्टिक निघालं. घर विकलं गेलं होतं. गरिमा नावाची तरतरीत मुलगी आली, नवरा कॉल सेंटरमध्ये, दोघंच. सुनीती आठवड्याभरानं वाटीत तिळाचे लाडू घेऊन बेल वाजवायला गेली. विश्वासराव लिफ्टजवळ बिल भरायला निघालेले, तिच्यासाठी थांबले.

"नमस्ते आंटी!" गरिमानं दार उघडलं. चेहरा ओढलेला होता, कुर्ता खांद्यांवरून घसरत होता. "शिफ्टिंग में हालत खराब हो गई. भूख ही नहीं लगती. सारे कपड़े ढीले हो गए, देखिए."

"खाना खाया करो बेटा," सुनीती म्हणाली.

"खाऊँगी. अच्छा आंटी, एक बात पूछनी थी. आपके घर में कोई बुज़ुर्ग हैं न? पीछे बालकनी में खड़ी रहती हैं. मराठी में कुछ बोलती हैं, समझ नहीं आता, बस हाथ आगे करती हैं. इतनी प्यारी हैं! मैंने एक दिन रोटी दे दी, तब से रोज़ देती हूँ."

लिफ्टजवळ विश्वासरावांनी मान वळवली. तिला त्यांच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. जिच्या हाताखाली ती स्वयंपाक शिकली होती, जिच्यासाठी अजूनही तिचा जीव तुटत होता, तिच्याबद्दल आता जे बोलायचं होतं ते कुठल्याही सुनेच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

"वो मेरी सास हैं," सुनीती म्हणाली. "उनको खाने को कुछ मत देना."

गरिमाचं हसू मावळलं. तिनं सुनीतीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. भरलेले गाल, रुतणाऱ्या बांगड्या, हातातले लाडू, सगळं पाहिलं. असल्या सुना तिनं ऐकल्या होत्या, आज समोर दिसली.

"जी," ती थंडपणे म्हणाली आणि दार लावून घेतलं.

"सुनीती," विश्वासराव मागून हळूच म्हणाले. "आईबद्दल बोललीस तू?"

बंद दारामागे ठक् झालं. मग दुसरं, ठक्. सुनीतीनं लाडूंची वाटी नवऱ्याच्या हातात दिली आणि पुन्हा बेल दाबली.